आधी डॉक्टर, मग सरडा

इन्स्टावर ‘डीएम फॉर प्राइस’ असं लिहिलेलं असतं ना, तिथे कळते ती खरी किंमत नसते. ती फक्त एंट्री फी असते. हातात मावणारं इग्वानाचं हिरवंगार पिल्लू, गळा फुगवणारा बिअर्डेड ड्रॅगन, नाहीतर ठिपक्याठिपक्यांचा, कायम हसल्यासारखा दिसणारा लेपर्ड गेको. तीस सेकंदांच्या रीलमध्ये तो खांद्यावर बसतो, डोळे मिटतो, लाइक्स गोळा करतो. पण त्याचा जबडा रबरासारखा मऊ पडला तर काय करायचं, कुठे जायचं, किती पैसे लागतील, हे कुठल्याच रीलमध्ये सांगितलेलं नसतं.

तुम्ही पेणला, रोह्याला किंवा मधल्या नागोठण्यात, कोलाडला राहत असाल आणि असा एखादा सरडा आणायचं मनात घोळत असेल, तर पैसे मोजण्याआधी एक फोन करा. दुकानदाराला नाही, डॉक्टरला. विचारा, “तुम्ही सरडा तपासता का?” समोरून स्पष्ट ‘हो’ आलं नाही, तर तुमच्या मनात पाल चुकचुकायलाच हवी.

न बोलणारा पेशंट

कुत्र्याला बरं नसलं तर तो कुईकुई करतो, मांजर कोपऱ्यात जाऊन बसतं. सरडा काहीच करत नाही. रानात जो अशक्त दिसतो तो आधी खाल्ला जातो. म्हणून आजार लपवणं हा त्याचा स्वभावच. पिंजऱ्यात आल्यावर तो स्वभाव जात नाही. आपल्याला वाटतं, आज जरा शांत आहे. प्रत्यक्षात तो कित्येक दिवस आजारी असतो आणि आपल्याला कळतं ते अगदी शेवटच्या टप्प्यावर.

सगळ्यात जास्त दिसणारा आजार हाडांचा. इंग्रजीत त्याला ‘मेटाबॉलिक बोन डिसीज’ म्हणतात. गणित सोपं आहे. हाडांना कॅल्शियम हवं. पोटातलं कॅल्शियम रक्तात यायला व्हिटॅमिन डी-३ लागतं. उन्हात बसणाऱ्या सरड्यांच्या अंगात ते तयार व्हायला उन्हातले यूव्हीबी किरण लागतात. यातली एक कडी तुटली की रक्तातलं कॅल्शियम कमी पडतं आणि शरीर ते स्वतःच्याच हाडांतून ओढून घेतं. घराचे वासे काढून चूल पेटवावी, तसं. मग जबडा मऊ होतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात, नुसतं उचललं तरी हाड मोडतं. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होईलच असं नाही.

तुम्ही म्हणाल, कोकणात उन्हाला काय तोटा? तोटा नाही, पण काचेची पेटी खिडकीशी ठेवली म्हणजे ऊन मिळालं असं होत नाही. साध्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, यूव्हीबी मात्र बहुतेक बाहेरच अडतं. उलट बंद काचेत थेट ऊन आलं तर आतली हवा इतकी तापते की सरडा काही मिनिटांत दगावू शकतो. म्हणून यूव्हीबीची खास ट्यूब घ्यावी लागते. तिचाही एक छुपा खर्च आहे. ट्यूब दिसायला पेटलेली असते, पण तिच्यातले कामाचे किरण सहा महिने ते वर्षभरात बरेच उतरतात. चालू दिसते म्हणून ती दोन-तीन वर्षं तशीच ठेवली की सरडा उजेडात बसूनही अंधारात राहतो.

बाकीची यादीही लहान नाही. कात नीट निघाली नाही तर बोटांभोवती आणि शेपटीभोवती तिचं कडं आवळतं, रक्त थांबतं आणि बोट गळून पडतं. पेटीत वाळू टाकली तर खाण्याबरोबर ती पोटात जाऊन आतडं तुंबू शकतं. तोंडात पू होतो. पोटात जंत आणि इतर परजीवी वाढतात. तापणारा नकली दगड घेतला तर पोट भाजतं आणि सरडा तरीही त्यावरून उठत नाही. मादी असेल तर नर नसतानाही ती अंडी धरू शकते. ती अडकली तर कधीकधी ऑपरेशनच करावं लागतं. ‘एकटीच तर आहे, पिल्लांचा प्रश्न नाही’ हे म्हणणं इथे चालत नाही.

आपला पाऊस त्याला मानवतो का?

बिअर्डेड ड्रॅगन मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला. त्याला हवेत ३० ते ४० टक्के आर्द्रता पुरते आणि अंग शेकायला साधारण ४० अंशांची जागा लागते. आता जुलैतलं पेण आठवा. वाळत घातलेली जीन्स तिसऱ्या दिवशीही ओलसर, पापडाचा डबा उघडा राहिला की पापड सादळलेला, भिंतीला बुरशी. आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या घरात. त्यात दोन दिवस लाइट गेली की सरड्याचा ‘सूर्य’च विझला. थंडगार, दमट हवेत त्याच्या फुप्फुसात संसर्ग होतो. सरड्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे छातीत साचलेलं खोकून बाहेर टाकणं त्याला नीट जमत नाही. नाकातून बुडबुडे, उघडं तोंड, मान वर करून घेतलेला श्वास असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टर गाठा.

इग्वानाचं उलट. त्याला दमट हवा आवडते, म्हणजे कोकण त्याला मानवेल असं वाटतं. पण हातात मावणारं ते पिल्लू दीड मीटर किंवा त्याहून लांब होतं. तेवढ्या प्राण्याला पेटी नाही, खोली लागते.

खाण्यातही आपल्याकडचे खास धोके आहेत. किडे खाणाऱ्या सरड्याला शेतातले नाकतोडे पकडून घातले, तर त्यांच्यासोबत फवारणीचं औषधही पोटात जातं. पावसाच्या तोंडाला आपल्याकडे झाडं काजव्यांनी लखलखतात. अमेरिकेत काजवा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याची नोंद आहे. आपले काजवे तेवढेच विषारी आहेत का, याचा प्रयोग आपल्या सरड्यावर करायची गरज नाही. काजवा त्याच्या पेटीपासून लांबच ठेवा. इग्वाना तर पक्का शाकाहारी. त्याला ‘ताकद येईल’ म्हणून उकडलेलं अंडं आणि चिकन घालणाऱ्यांमुळे त्याच्या मूत्रपिंडांची वाट लागते. पालकही रोज नको, कारण पालकातलं ऑक्झालेट कॅल्शियमला बांधून टाकतं. जास्वंदीची पानंफुलं, शेवग्याचा पाला, लाल भोपळा हे आपल्या परसातच मिळतं आणि त्याला चालतं. म्हणजे बघा, सगळ्यात स्वस्त औषध खाण्यातच आहे. पण ते आजार व्हायच्या आधी द्यायचं असतं.

दवाखाना किती किलोमीटरवर?

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलात तर तिथले डॉक्टर दिवसभर काय बघतात? गायी, म्हशी, बैल, शेळ्या, कोंबड्या. लसीकरण, कृत्रिम रेतन, अडलेली गाय. जिल्ह्याचं पोट ज्या जनावरांवर चालतं ती आधी, हे बरोबरच आहे. पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची असते आणि तिचा मोठा भाग याच जनावरांना दिलेला असतो. सरड्याला भूल किती द्यायची, त्याच्या एक्स-रेमध्ये काय शोधायचं, हा पुढचा, वेगळा अनुभव. तो नसलेल्या डॉक्टरांनी ‘मला यातलं फारसं कळत नाही’ असं सांगितलं, तर त्यांना नावं ठेवू नका. न कळता औषध देणाऱ्यापेक्षा ते हजार पटींनी बरे.

मग उरते मुंबई, नवी मुंबई किंवा पुणे. परळला १८८६ पासून मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय आहे. शिवाय सरपटणारे आणि इतर विदेशी प्राणी बघणारे खासगी डॉक्टर शहरांत असतात. पण नाव मोठं म्हणून थेट गाडीत बसू नका. त्या दिवशी सरडा तपासणारे डॉक्टर आहेत का, एक्स-रे होईल का, साधारण खर्च किती, हे आधी फोनवर विचारा.

आता हिशेब मांडू. फीचे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे, म्हणून ते तुम्ही तुमच्या फोननंतर भरा. रकाने मात्र हेच राहतील. पेणहून परळ सत्तरएक किलोमीटर, रोह्याहून शंभराहून जास्त. हाडांच्या आजारात एका फेरीत भागत नाही. पहिली तपासणी आणि एक्स-रे, मग औषध लागू पडतंय का ते बघायला दुसरी फेरी, मग पुन्हा एक्स-रे. चार फेऱ्या धरल्या तर रोह्याच्या मुलाचा प्रवास आठशे किलोमीटरच्या वर जातो. दिवा-रोहा मेमूचं तिकीट परवडतं, पण आजारी सरडा डब्यात घेऊन गर्दीतून गाडी बदलत परळ गाठायचं, तेही त्याला ऊब देत. म्हणजे बरेचदा खासगी गाडी, म्हणजे पेट्रोल, टोल आणि बुडलेलं लेक्चर. त्यावर तपासणी फी, एक्स-रे, रक्त आणि विष्ठेची तपासणी, इंजेक्शनं. सरड्याच्या शरीराचा कारभार संथ असतो, म्हणून औषधंही आठवडेच्या आठवडे चालतात. शिवाय त्याचं अंग योग्य तापमानाला नसेल तर औषधाचा गुण येत नाही. म्हणजे बिघडलेला बल्ब न बदलता डॉक्टरवर खर्च केलेले पैसे पाण्यात.

घरचं बिलही धरा. १०० वॉटचा शेकायचा बल्ब रोज १२ तास म्हणजे महिन्याला ३६ युनिट. २४ वॉटची यूव्हीबी ट्यूब, तिचे आणखी ९. झाले ४५. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढचा दर बराच चढा असतो. ज्या घराचं बिल आतापर्यंत ऐंशी युनिटवर थांबत होतं, ते घर एका सरड्यापायी वरच्या टप्प्यात जातं. हे बिल तुम्ही भरता की बाबा?

आणि मुद्दा एका महिन्याचा नाही. बिअर्डेड ड्रॅगन नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो. लेपर्ड गेको आणि इग्वाना पंधरा वर्षं, कधी वीसही. एफवायला असताना आणलेला गेको तुमच्या नोकरीत, लग्नात, कदाचित मुलाच्या शाळाप्रवेशातही सोबत असणार. दरम्यान तुम्ही प्लेसमेंट घेऊन पुण्याला गेलात की त्याला किडे कोण घालणार? आई. तिला विचारलंय का?

कायद्याचं कुंपण

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण इथेच पोरं अडकतात. शेताच्या बांधावर सापडलेलं घोरपडीचं पिल्लू घरी आणणं म्हणजे ‘पाळणं’ नव्हे, तो गुन्हा आहे. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा किमान ३ वर्षं, ७ वर्षांपर्यंत कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड. जखमी घोरपड दिसली तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा आणि तिथून पुढचं त्यांना करू द्या.

विदेशी सरड्यांचंही ‘काही होत नाही रे’ असं नाही. वन्यजीव व्यापारावरच्या सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या प्रजाती त्याच २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. ग्रीन इग्वाना सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आला की ३० दिवसांत परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करायची असते. विकणारा ‘कागदाची गरज नाही’ म्हणत असेल, तर गरज त्याला नाही, तुम्हाला आहे. या कागदाचा तब्येतीशीही संबंध आहे. कागद नसलेला माणूस दवाखान्याची पायरी चढायला घाबरतो, आणि त्या भीतीची किंमत सरडा मोजतो.

आणि खर्च झेपेनासा झाला म्हणून कुंडलिकेच्या काठाला किंवा फणसाडच्या जंगलात सोडून यायचा विचार तर नकोच. एक तर तो उपाशी मरेल, नाहीतर जगेल आणि वाढेल. दुसरी शक्यता जास्त वाईट. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये पाळून सोडलेले आणि सुटलेले इग्वाना इतके वाढले की ते कालव्यांचे काठ आणि समुद्राच्या भिंतींखालची माती पोखरतात. २०२१ मध्ये त्या राज्याने ग्रीन इग्वानाला मनाई असलेल्या प्रजातींच्या यादीत टाकलं. पेणच्या खारेपाटातल्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजवायला नको. खेकड्यांनी पोखरलेला बांध उधाणात फुटला की भातशेतीत खारं पाणी शिरतं. त्या बांधांना अजून एक पोखरणारा कशाला?

मग पाळायचंच नाही का?

असं नाही म्हणायचंय. ज्याला या प्राण्यांची खरीच ओढ आहे, त्याने नीट अभ्यास करून, कागदपत्रं करून पाळलेला सरडा सुखाने जगतो. ‘जंगलातले प्राणी घरात कशाला’ असं मोठ्यांनी झटकून टाकणं सोपं आहे. पण झटकल्याने मुलं थांबत नाहीत, ती फक्त लपवून आणतात. आणि लपवून आणलेल्या प्राण्याला दवाखाना दिसत नाही. म्हणून बंदीपेक्षा तयारीबद्दल बोलू.

विकत घ्यायच्या आधी डॉक्टरचं नाव आणि नंबर फोनमध्ये सेव्ह झालेला असावा. पेटी, बल्ब, ट्यूब, थर्मामीटर आधी, प्राणी नंतर. जेवढी किंमत प्राण्याची, निदान तेवढी रक्कम पहिल्या दिवशी दवाखान्यासाठी बाजूला आणि पुढे दर महिन्याला थोडी भर. पाळीव प्राण्यांचा विमा सहसा कुत्र्यामांजरांपलीकडे जात नाही, त्यामुळे तुमची गुल्लक हाच तुमचा विमा. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्यासारख्या, पण वेगळ्या ठेवलेल्या काट्यावर त्याचं वजन ग्रॅममध्ये करून वहीत लिहा. लेपर्ड गेको शेपटीत चरबी साठवतो, ती शेपूट बारीक दिसायला लागली की डॉक्टरांना फोन. वजनाची ती वही, पेटीचे फोटो, तापमानाचे आकडे आणि ताज्या विष्ठेचा नमुना सोबत नेलात तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं आणि एखादी फेरी वाचते. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या अंदाजाने कुटून घालू नका. आणि त्याला हाताळल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा. ठणठणीत दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून त्याची भांडी स्वयंपाकघरात धुवायची नाहीत आणि पाच वर्षांखालच्या भाच्या-पुतण्याच्या हातात तो द्यायचा नाही.

थोडं काम दुसऱ्यांचंही आहे. पेट शॉपना २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. अशा प्रत्येक दुकानाने विकताना तापमान, आहार, आयुष्य आणि पूर्ण वाढीचा आकार लिहिलेला मराठी कागद हातात ठेवावा, इतकी मागणी आपण ग्राहक म्हणून करू शकतो. पशुसंवर्धन विभागाने परळच्या तज्ज्ञांशी तालुक्याच्या डॉक्टरांची व्हिडिओ कॉलवर गाठ घालून दिली, तर कितीतरी फेऱ्या वाचतील. यासाठी नवी इमारत लागत नाही. एक ठरलेला वार आणि एक ठरलेली वेळ पुरते.

शेवटी एक विसंगती. ज्या घरात भिंतीवरच्या पालीमागे झाडू घेऊन धावतात, त्याच घरात हजारो रुपये मोजून लेपर्ड गेको येतो. तोही पालच आहे, फक्त त्याला पापण्या आहेत आणि त्याला भिंतीवर चढता येत नाही. प्राण्यांची आवड असेल तर तिची सुरुवात फुकटात करता येते. रात्री व्हरांड्यातल्या दिव्याखाली ती पाल किडे कशी टिपते, ते महिनाभर बघा. वहीत लिहा. महिनाभर रोज दहा मिनिटं देता आली, तर पुढची पंधरा वर्षं देता येतील का, याचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण म्हणतो. पाळीव सरड्याची तर तेवढीही नाही, त्याची धाव काचेपर्यंत. काचेच्या पलीकडचं सगळं, ऊन, औषध, डॉक्टर, कागद, तुमच्याकडून यायचं असतं. तेवढी धाव आपल्या खिशात आणि पायांत आहे का, ते आधी बघा. मग विचारा किंमत.